ओळख पटवणारे

मेल्यानंतर आपले काय होते, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाकडे नसते असे आपण धरून चालतो. आत्मा कुठे जातो हे इतिहासकाराला सांगता येत नाही, हे खरेच आहे. कागदपत्रांत आत्मा सापडत नाही. पण माणूस गेला की मागे दोन गोष्टी राहतात, देह आणि नाव. त्या दोहोंचे पुढे काय झाले, कोणी काय केले, याची नोंद मात्र पुष्कळदा सापडते. लखनौमध्ये तर ती पावलोपावली सापडते. या शहरातल्या सगळ्यात देखण्या इमारती एक तर कबरी आहेत किंवा दूरदेशीच्या कबरींच्या प्रतिकृती तरी आहेत. नवाब गाजिउद्दीन हैदर शाहनजफमध्ये चिरनिद्रा घेतो आहे, आणि ती वास्तू इराकमधल्या नजफ येथील हजरत अलींच्या दर्ग्याची आठवण म्हणून उभारलेली आहे.

आसफी इमामबाड्यात, म्हणजे बड्या इमामबाड्यात, लोक जातात ते भूलभुलैया पाहायला. १७८४ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून नवाब आसफउद्दौलाने तो बांधायला घेतला, ही गोष्ट प्रत्येक वाटाड्या सांगतो. आधाराला एकही खांब नसलेल्या त्या प्रचंड दालनात खुद्द आसफउद्दौलाची कबर आहे, हे तो घाईघाईने सांगतो किंवा विसरतो. १७९७ साली वारलेल्या या नवाबाला जिथे पुरले, ती जागा मुळात दुसऱ्याच एका मृत्यूसाठी रडण्याची आहे. इसवी सन ६८० मध्ये करबलेच्या मैदानावर मारल्या गेलेल्या हजरत इमाम हुसेन यांच्यासाठी मुहर्रमात इथे मजलिसा होतात. आपल्यासाठी दरवर्षी कोण रडणार, याची खात्री कोणत्याच राजाला देता येत नाही. पण हुसेनसाठी लोक येतच राहणार, ही खात्री होती. त्या शोकाच्या सावलीत आपली कबर असावी, यात मला व्यवहारी शहाणपणही दिसते आणि लीनताही.

लखनौच्या शियांमध्ये दफनाच्या वेळी एक विधी असतो, त्याला तलकीन म्हणतात. मृताला कबरीत ठेवल्यावर एक जण खाली उतरतो, त्याचे खांदे धरून हलवतो, त्याचे आणि त्याच्या वडिलांचे नाव घेऊन त्याला हाक मारतो आणि सांगतो, की ऐक आणि समजून घे. आता मुनकर आणि नकीर हे दोन फरिश्ते येतील, तुझा रब कोण, पैगंबर कोण, इमाम कोण असे विचारतील, तेव्हा घाबरू नकोस, उत्तरे अशी दे. परीक्षेला निघालेल्या मुलाला दारात उभे राहून शेवटची उजळणी करून द्यावी, तसे हे आहे. मला त्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हाक. परलोकाचा रस्ता धरायलाही इथे उरलेल्यांपैकी कोणीतरी आपल्याला नावाने ओळखावे लागते. आपल्याकडच्या दहाव्यालाही नाव, गोत्र लागतेच.

मग ज्याला ओळखणारे कोणी नसते, त्याचे काय? मराठी माणसाला या प्रश्नावर पानिपत आठवल्याशिवाय राहत नाही, आणि पानिपतची ती कथा लखनौच्या नवाब घराण्याकडे येऊन पोचते.

आसफउद्दौलाचा बाप शुजाउद्दौला १४ जानेवारी १७६१ रोजी अब्दालीच्या बाजूने उभा होता. त्याच्या पदरी काशीराज पंडित नावाचा एक दक्षिणी ब्राह्मण होता. लढाईआधी भाऊसाहेब आणि शुजा यांच्यात तहाची जी बोलणी चालली होती, त्यांत हा काशीराज मधला माणूस होता. पुढे १७८० च्या सुमारास त्याने फारसीत लढाईची हकीकत लिहिली आणि अठराव्या शतकातच तिचे इंग्रजी भाषांतरही झाले. पानिपतावर लिहिणारा कोणीही त्या हकीकतीला वळसा घालून जाऊ शकत नाही. तिच्यातला लढाईचा भाग वारंवार उद्धृत होतो. मला मात्र तिच्यातला लढाईनंतरचा भाग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

विश्वासरावाचा देह सापडला आणि तो अब्दालीच्या छावणीत आणला गेला. त्याचे रूप पाहायला छावणी लोटली. अफगाण सैनिकांनी गलका केला की हा काफरांच्या राजाचा देह आहे, तो वाळवून, पेंढा भरून आपण काबूलला नेणार. शुजा मध्ये पडला. वैर जिवंत माणसाशी असते, मेल्यावर ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे त्याची व्यवस्था व्हावी, अशा आशयाची रदबदली त्याने केली आणि देह सोडवला. मग भाऊसाहेबांचा शोध सुरू झाला. प्रेतांच्या ढिगाखाली एक शिर नसलेले धड मिळाले. ओळखीच्या माणसांना आणून ते दाखवण्यात आले. काशीराजाने खुणा नोंदवल्या आहेत. पूर्वी मुजफ्फरखान गारद्याने केलेल्या मारेकरी हल्ल्यातला पाठीवरचा कट्यारीचा वण, आणि रोज शेकड्यांनी घातलेल्या सूर्यनमस्कारांमुळे गुडघ्यांवर व हातांवर पडलेले घट्टे. पेशव्यांच्या सेनापतीची ओळख शेवटी त्याच्या व्यायामाने पटवली. शिर नंतर एका अफगाणाकडे मिळाले. शुजाच्या पदरच्या ब्राह्मणांनी, त्याच्या फौजेतल्या अनूपगिरी गोसाव्याच्या मदतीने, या देहांना अग्नी दिला.

हे दृश्य विचारात घेण्यासारखे आहे. हरलेल्या फौजेचे हजारो लोक त्या मैदानावर पडले होते, आणि नात्यातले जे कोणी वाचले ते दक्षिणेकडे पळत होते. अंत्यविधी झाला तो शत्रूच्या छावणीत, एका शिया नवाबाच्या शब्दाने आणि त्याची चाकरी करणाऱ्या मराठी ब्राह्मणाच्या हातून. पुण्याहून आलेले कोणी तिथे नव्हते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत शुजा हा ज्याने आपली बाजू घेतली नाही तो नवाब म्हणून येतो, आणि ते खोटे नाही. पण ही दुसरी गोष्टही त्याच्या नावावर लिहिलेली असावी.

एवढ्या खुणा जुळूनही पुण्यात खात्री पटली नाही. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई पानिपताहून जिवंत परत आल्या होत्या. त्यांनी वैधव्य पत्करले नाही. त्या हयात असेपर्यंत भाऊसाहेब गेले असे त्यांच्यापुरते झालेच नाही. देह न मिळालेल्यासाठी धर्मशास्त्रात सोय आहे. बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा. याला पालाशविधी म्हणतात. शास्त्रकारांनी हाडांच्या संख्येसारखा हिशेब घालून दिला, तो उगाच नव्हे. शोकाला धरायला काहीतरी हाताशी लागते. पण हा विधी करायचा तर आधी कोणीतरी 'तो गेला' असे म्हणावे लागते, आणि ते म्हणायला एक बाई तयार नव्हती. त्या फटीतून तोतया आला. सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण आपण भाऊसाहेब असल्याचे सांगू लागला, त्याच्यामागे माणसे जमली, किल्ले गेले, आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन होईपर्यंत नाना फडणिसांना तो पुरून उरला. नरसिंह चिंतामण केळकरांनी त्यावर नाटक लिहिले. नाटकातला विनोद बाजूला ठेवला तर मागे उरते ती एवढीच गोष्ट, की पानिपतावर ओळख पटवणाऱ्यांचा शब्द पुण्यापर्यंत पोचला, पण तो सर्वांनी मानला नाही.

शुजा १७७५ मध्ये फैजाबादेत वारला. मुलाने राजधानी लखनौला आणली, आणि तिच्याबरोबर नशीब काढायला आलेली माणसेही तिथे गोळा झाली. त्यांतला सगळ्यात चतुर माणूस क्लॉद मार्तां. फ्रान्समधल्या लियोंचा, साधा शिपाई म्हणून हिंदुस्थानात आलेला, पुढे कंपनीच्या फौजेत मेजर जनरल झालेला. घड्याळे, तोफा, नीळ, सावकारी, घरबांधणी, सगळ्यांत त्याचा हात होता. मेल्यानंतर आपले काय व्हावे, याची इतकी बारकाईने तजवीज केलेला दुसरा माणूस मला लखनौत माहीत नाही.

गोमतीकाठी त्याने 'कॉन्स्टँशिया' नावाचा वाडा बांधायला घेतला. आपल्यामागे नवाब तो वाडा ताब्यात घेईल अशी त्याला धास्ती होती, म्हणून त्याने तळघरातच आपली कबर योजली. मुसलमान राजा कबर असलेल्या जागेवर हात टाकणार नाही, हा हिशेब. ही गोष्ट लखनौत सर्रास सांगतात. मृत्युपत्रात मात्र त्याने नवाबापेक्षा देहाचीच जास्त काळजी केली आहे. देहाला मीठ लावावे, तो दारूत ठेवावा किंवा त्यात मसाला भरावा, गुदामात असलेल्या शिशाच्या पत्र्याची पेटी करावी, ती शिसमाच्या दुसऱ्या पेटीत घालावी आणि तळघरातल्या ईशान्येकडच्या लहान गोल खोलीत ठेवावी. गुदामात शिसे पडून आहे, हे मरणाच्या कागदातही त्याला आठवले. मला त्याचे हसू येते आणि तो आवडतोही. १३ सप्टेंबर १८०० रोजी तो वारला, आणि सगळे त्याने सांगितल्याप्रमाणे झाले. कबरीभोवती चार शिपायांचे पुतळेही उभे राहिले, बंदुका उलट्या धरून शोक करणारे.

सत्तावन्न वर्षांनी बंडवाले शिपाई त्या तळघरात उतरले. त्यांनी कबर फोडली, हाडे विखुरली, पुतळे मोडले. नंतर त्यांतली जी हाडे मिळाली ती परत आणून ठेवण्यात आली. शिशाची पेटी आणि शिसमाची पेटी यांचा उपयोग झाला तो एवढाच. त्याच मृत्युपत्रातले शाळांचे कलम मात्र टिकले. लखनौ, कलकत्ता आणि लियों येथे त्याच्या पैशातून 'ला मार्टिनिअर' शाळा निघाल्या. लखनौची १८४५ साली सुरू झाली, ती त्याच वाड्यात आजही भरते. दर १३ सप्टेंबरला मुले संस्थापकाचा दिवस पाळतात. मार्तांने लग्न केले नव्हते, त्याला मूल नव्हते. आपल्या भाषेत बोलायचे तर पाणी द्यायला कोणी नव्हते.

हाडे विखुरणाऱ्या त्या शिपायांकडे आता वळायला हवे, कारण त्यांच्या हाडांची कथा याहून वाईट आहे.

वाजिद अली शाहने आपल्या सिकंदर बेगमेसाठी बांधलेली सिकंदरबाग शहराच्या त्याच बाजूला आहे. उंच भिंतींची, चौकोनी बाग. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सर कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने भिंतीला भोक पाडून आत प्रवेश केला. आत अडकलेल्यांना बाहेर पडायला वाट नव्हती. त्या एका दुपारी सुमारे दोन हजार शिपाई तिथे मारले गेले. त्यांतले बहुतेक अवधच्याच खेड्यांतले होते, ब्राह्मण, राजपूत, मुसलमान. ज्यांच्या घरी मृतदेहाला कोणी शिवावे आणि कोणी शिवू नये यावर गावकी बसत असे, अशा घरांतले. त्यांना एकत्रच टाकले गेले. इंग्रजांच्या बाजूचे मृत मात्र पुरले गेले. त्याच वेढ्यात मेलेल्या सर हेन्री लॉरेन्सची कबर रेसिडेन्सीच्या आवारात आहे, आणि तिच्यावर काय कोरावे हेही त्याने मरताना सांगून ठेवले होते.

१८५८ च्या वसंतात फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार लखनौला आला. सिकंदरबागेचे त्याने काढलेले छायाचित्र आज जगभर प्रसिद्ध आहे. मागे मोडका वाडा, चारदोन माणसे, एक घोडा, आणि पुढे अंगणभर पसरलेल्या कवट्या व बरगड्या. ते लढाईनंतर लगेच काढलेले असावे अशी पाहणाऱ्याची समजूत होते, पण मध्ये महिने गेलेले होते. जॉर्ज कॅम्पबेल या मुलकी अधिकाऱ्याने आठवणींत लिहून ठेवले आहे, की ती प्रेते तोवर झाकून टाकलेली होती. छायाचित्रकाराने हट्ट धरून ती पुन्हा उघडी करायला लावली. म्हणजे ज्यांना ना अग्नी मिळाला ना धड माती, त्यांना जी थोडी माती मिळाली होती तीही चित्रासाठी उपसली गेली. मी हे छायाचित्र पुष्कळदा पाहिले आहे. आता ते पुस्तकात आले की पान उलटतो. त्यातला एकही माणूस कोण हे सांगता येत नाही, आणि जगातल्या सगळ्यात जास्त पाहिल्या गेलेल्या मृतांपैकी ते आहेत.

आपल्या पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशीला शस्त्रादिहतांचे श्राद्ध छापलेले असते. शस्त्राने, अपघाताने गेलेल्यांची तिथी कोणतीही असो, त्यांचे श्राद्ध त्या दिवशी. तर्पणाच्या शेवटी वस्त्र पिळून पाणी सोडतात, ते कुळात निपुत्रिक गेलेल्यांसाठी. ज्यांनी हे विधी घालून दिले त्यांना माहीत होते की यादी कधीच पूर्ण नसते. नावे सुटतात, घरे बुडतात. पण 'कुळात' ही अट तिथेही आहेच. सिकंदरबागेतल्या माणसांचे कूळ कोण शोधणार?

या बागेत एक अपवाद घडला. विल्यम फोर्ब्ज-मिचेल हा त्र्याण्णवाव्या हायलँडर पलटणीतला शिपाई त्या दिवशी तिथे होता. १८९३ मध्ये छापलेल्या आठवणींत तो सांगतो, की पिंपळाखाली पाणी प्यायला गेलेले सोल्जर पटापट मरत होते. एका कॅप्टनाच्या लक्षात आले की जखमा वरून खाली झालेल्या आहेत. झाडावर कोणीतरी होते. एका सोल्जरने नेम धरून गोळी झाडली, देह खाली पडला, आणि अंगावरचे लाल जाकीट उघडल्यावर कळले की ती बाई आहे. गोळी झाडणारा तिथेच रडू लागला. फोर्ब्ज-मिचेलने तिचे कपडे नोंदवले, तिच्याजवळची दोन जुनी घोडेस्वारी पिस्तुले नोंदवली. नाव त्याला माहीत असणे शक्य नव्हते.

नाव पासी समाजाने दिले. पासी म्हणजे अवधमधली, ताडी काढणारी, पहारा करणारी, अस्पृश्य गणली गेलेली जात. त्यांच्या मौखिक परंपरेत ती ऊदादेवी आहे. तिचा नवरा मक्का पासी चिनहटच्या लढाईत मारला गेला आणि तिने त्याचा सूड घेतला. आज सिकंदरबागेजवळ तिचा पुतळा आहे, आणि १६ नोव्हेंबरला पासी लोक तिथे जमतात. पिंपळाखालची बाई ती हीच, याला त्या काळचा लेखी पुरावा काय, असे माझ्यातला इतिहासकार विचारतो. विचारायलाही हवे. पण काशीराजापुढे ठेवलेल्या धडाकडे पाहताना हाच प्रश्न पुण्यालाही पडला होता, आणि तिथे तर खुणा होत्या. इथे वण नाही, घट्टे नाहीत, फक्त 'ही आमची' असे म्हणायला तयार असलेली माणसे आहेत. दोन हजारांपैकी बाकीच्यांसाठी तेवढेही कोणी म्हणाले नाही. मी त्या पुतळ्यासमोर पुरावा मागायला उभा राहणार नाही.

लखनौत नाव उरून देह हरवलेलेही आहेत. मीर तकी मीर उतारवयात दिल्ली सोडून इथे आला आणि १८१० मध्ये इथेच गेला. ज्या कबरस्तानात त्याला पुरले ते पुढे शहराच्या आणि आगगाडीच्या विस्तारात गेले. रुळांच्या आसपास कुठेतरी तो आहे, एवढेच लखनौ सांगू शकते. उर्दू वाचणाऱ्याला त्याचे फारसे बिघडलेले दिसत नाही, पण चादर कुठे चढवायची हा प्रश्न उरतोच. उलट बेगम अख्तर ३० ऑक्टोबर १९७४ रोजी गेल्या त्या अहमदाबादेत. त्यांना लखनौला आणून ठाकूरगंज भागातल्या पसंदबागेत आईच्या, मुश्तरीबाईंच्या, शेजारी पुरले. कबर अनेक वर्षे पडीक होती. शिष्या शांती हिरानंद आणि शहरातल्या काही रसिकांनी खटपट केली आणि २०१२ मध्ये लाल विटांचे कुंपण घालून दोन्ही कबरी नीट केल्या. गुरूच्या कबरीची माती सावरायला शिष्य धावून आले, रक्ताचे नाते शोधत कोणी बसले नाही.

बेगम अख्तर शेवटच्या काळात ज्या संगीत महाविद्यालयात शिकवत, त्याला एका मराठी माणसाचे नाव आहे. वाळकेश्वरला जन्मलेले विष्णू नारायण भातखंडे पेशाने वकील. १९२६ मध्ये त्यांच्या प्रयत्नाने लखनौत संगीताचे कॉलेज निघाले, ते मॅरिस या इंग्रज गव्हर्नराच्या नावाने. श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते पुढे कित्येक वर्षे सांभाळले. भातखंड्यांनी आपला संस्कृत ग्रंथ 'चतुर पंडित' या टोपणनावाने छापला होता. स्वतःचे नाव पुढे करण्याची त्यांना हौस नव्हती. ते १९३६ मध्ये मुंबईत गेले. त्यांचे दहन झाले, म्हणजे कबर नाही, खांदा हलवून हाक मारायला जागा नाही. गव्हर्नरसाहेबाचे नाव स्वातंत्र्यानंतर उतरले आणि त्यांचे लागले. आता ते विद्यापीठ झाले आहे. कैसरबागेत वाजिद अली शाहच्या परीखान्याच्या इमारतीत तबल्याचे आणि घुंगरांचे आवाज चालू असतात, आणि चारबाग स्टेशनाबाहेर ई-रिक्षावाल्याला नुसते 'भातखंडे' म्हटले की तो पुढे काही न विचारता तिथे आणून सोडतो.